दूध अन् पेन्सिल

पाटीवर लिहायची पांढरी पेन्सिल मला ल्हानपनापासनं आवडती. शाळंत मी आठवीपतूर गेले, पन पाटी व्हती तवा लिहिलं कमी अन् खाल्लं जास्त. बाई पट्टी घिऊन हुभ्या ऱ्हायच्या, त्वांड उघड म्हनायच्या, जिभंवर पांढरं दिसलं की हातावर वळ उठायचा. आमच्याकडं लई बायका खात्यात. कुनी चुलीतली भाजकी माती खातं, कुनी भितीचा पोपडा काढून खातं, कुनाला पेन्सिल लागती. पोटात पोर असलं की कुनी नावं बी ठेवत न्हाई, डोहाळं म्हनत्यात अन् आनून देत्यात. तवा ह्यात काय इपरीत असंल असं मला कवाच वाटलं न्हाई. पन ह्या पेन्सिलीपायी माझ्या लेकीच्या अंगात माझा रोग गेला का न्हाई, ते बरेच दिस मला कळत नव्हतं. त्या दिसांचं सांगते. मला बोलताना दम लागतो, लिहिताना बी लागतो, तवा जसं येईल तसं सांगते.

मला एचआयव्ही हाय. लेक पोटात असताना तपासनीत निघालं. मंग ह्यांचं रगत घेतलं, त्यांच्यात बी निघालं. कुनाकडनं कुनाला आलं ते आता आमी इचारत न्हाई. एकदा इचारलं व्हतं, तवा चूल पेटलीच न्हाई घरात, दोघं बी तसंच झोपलो. मंग गोळ्या सुरू झाल्या, रोजची एक. पुन्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डाक्टरीनबाई म्हनल्या, नेमानं घेतलीस तर रगतातला विषाणू निपचित पडून ऱ्हातो, मंग पोरीला दूध पाजलंस तरी भ्या न्हाई. तसंच झालं. लेक जल्मली, तिच्या टाचंतनं रगत घेतलं, चांगलं निघालं. पुढं परत घेतलं, परत चांगलं. माझ्या रगतात तर विषाणू मोजायला बी घावंना इतका कमी झाला व्हता. मला वाटलं, सुटलो.

आमचं गाव भाटघर धरनाच्या पान्याच्या पल्याड, येल्ह्याच्या डोंगराकडं रस्ता चढत जातो तिथं हाय. माझं माहेर किकवीकडं, हायवेला लागून, तिथं हात केला की गाडी. हितं सकाळची येश्टी चुकली की दुपारपतूर रस्त्याकडं बघत बसायचं. घरात मी, लेक अन् माझी सासू. आमी त्यांना आत्याबाई म्हनतो. हे हायवेच्या कंपनीत कामाला, तिकडंच खोली घिऊन ऱ्हात्यात, बेस्तरवारी सुट्टी असती तवा गाडीवर येत्यात.

आत्याबाईला आमच्या रोगाचं ठावं नव्हतं. सांगायचं कसं? गावात येका बाईचं कळलं व्हतं मागं, तर तिच्या हातचं हळदीकुकू बी बायका घेत नव्हत्या. बाळंतपन होईतवर गोळी लपवून घ्यायची, मंग म्या येक युगत केली. अंगनवाडीतनं बाळंतिनीला लोहाच्या अन् कॅल्शियमच्या गोळ्या देत्यात. तीच गोळ्यांची डबी घेतली अन् माझी ती गोळी तिच्यात मिसळली. मंग लपवायचं कामच नव्हतं. सकाळी उठलं की च्याच्या बी आधी, चुलीपुढं बसून, सगळ्या गोळ्या येकदम त्वांडात टाकायच्या, वर तांब्यातलं पानी, अन् कडू चव जावी म्हनून वरनं पेन्सिलीचा तुकडा. आत्याबाई समोर बसून बघायच्या. शेजारनीला सांगायच्या, आमची सून येक दिस गोळी चुकवत न्हाई. पेन्सिली बी त्याच आनायच्या भोरच्या बाजारातनं, पुडंच्या पुडं. म्हनायच्या, म्या सुदिक खाल्ल्यात, माझी पोरं काय पांगळी झाली?

खरं म्हंजी बाळंतपन झालं की डोहाळं सुटाय पायजेत. माझं सुटलं न्हाई, उलट वाढलं. सारवलेल्या भुईचा वास आला तरी त्वांडाला पानी सुटायचं. अन् दम लागायला लागला. रस्त्यावरनं वाडीपतूर चढ हाय, आधी मी त्यो डोईवर हंडा घिऊन चढायची. आता मोकळ्या हातानं चढले तरी आंब्याखाली बसावं लागायचं, कानात घुंई घुंई, डोळ्यापुढं काजवं. केस इंचरले की फनीभर गळायचे. त्वांडाची कोपरं चिरलेली, भाकरीचा घास घेतला की झोंबायची. अन् चव गेली. मीठ घातलंय का न्हाई ते मला कळंना. येका बेस्तरवारी हे जेवायला बसले, आमटीचा भुरका मारला अन् मला म्हनले, "आपल्याकडं धरन हाय, त्येवढं पानी पुरंना म्हनून समिंदर आनलास व्हय घरात?" आत्याबाई हसून हसून खोकल्या. मी बी हसले. आमटी मला पान्यावानी लागत व्हती.

मंग तपासनीची तारीख आली. आमी दोघं लेकीला घिऊन गाडीवर पुन्याला गेलो. त्यांचं रगत आधीच तपासलेलं, माझं बी, नुसता निकाल घ्यायचा व्हता. डाक्टरीनबाईनी त्यांचा कागद बघितला, छान म्हनल्या. माझा बघितला. कागद उलटा केला, परत सुलटा केला. मंग ह्यांना भाईर बसायला सांगितलं.

"गोळ्या चुकवतेस?" त्यांनी इचारलं.

म्या म्हनलं, येक बी न्हाई.

"खरं सांग. मी रागवणार नाही. विषाणू परत वाढलाय तुझ्या अंगात."

म्या लेकीच्या डोक्यावर हात ठिऊन शपथ घेतली. त्यांनी माझा हात लेकीच्या डोक्यावरनं बाजूला केला, शपथा नकोत म्हनल्या. लेक तवा पदराखाली पीत व्हती. डाक्टरीनबाई तिच्याकडं बघत ऱ्हायल्या अन् त्या का बघत्यात ते मला येकदम कळलं. वाढलेला विषाणू माझ्या रगतात, रगताचं दूध, अन् दूध तिच्या त्वांडात. कवापासनं वाढला आसंल? आठवडा झाला, का म्हैना झाला? लेकीला काढू का नको ते बी कळंना, ती आपली चुटूचुटू पीत व्हती.

त्या म्हनल्या, नवऱ्याला तीच गोळी लागू पडती अन् तुला का पडंना, तुझ्या पोटात जाऊन ती रुसती का? मंग उठून जवळ आल्या. माझी खालची पापनी वढून बघितली, नखं बघितली, त्वांडाची कोपरं बघितली. दम लागतो का, चव लागती का, केस गळत्यात का, समदं इचारलं. म्या व्हय व्हय म्हनत गेले. त्यांनी सांगितलं त्ये मला कळलं तसं सांगते. आपल्या अंगाला काही गोष्टी चिमूटभरच लागत्यात, आमटीला मीठ लागतं तसं. लोह हाय, जस्त हाय, अजून येक नाव त्यांनी घेतलं ते माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. चिमूटभर, पन ती चिमूट नसली की रगत व्हत न्हाई, चव जाती, जखम भरत न्हाई, रोगाशी झुंजायचं बळ ऱ्हात न्हाई. ह्या रोगाच्या मानसाच्या अंगात ती आधीच कमी पडत्यात, अन् माझी तर लेकीनं बी वढून घेतलेली. पन येवढ्यानं गोळी का लागू पडंना, ते त्यांना बी उमगंना. सकाळी उठल्यापासनं काय काय त्वांडात घालतेस ते सांग म्हनल्या. म्या गोळ्यांचं सांगितलं, च्याचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. पेन्सिलीचं सांगितलं न्हाई. ते काय खानं हाय व्हय? आठवलंच न्हाई मला.

तेवढ्यात लेकीचं पिऊन झालं. तिला माझ्या पदराची गाठ चघळायची सवय. त्या गाठीत म्या वाटंत खायला म्हनून येक तुकडा बांधला व्हता. तिनं वढून वढून गाठ सोडली अन् तुकडा त्वांडात घातला. डाक्टरीनबाईनी बोट घालून तो काढला, तळव्यावर धरला.

"हे कुणाचं?"

"पोरीचं हाय, खेळायला."

"दात नीट आले नाहीत अजून, अन् पाटीवर लिहायला लागली का ही?"

मला हसू बी आलं अन् रडू बी आलं. मंग म्या समदं सांगितलं, डबीचं, येकदम घेतलेल्या गोळ्यांचं, वरनं खाल्लेल्या पेन्सिलीचं. त्या खुर्चीत मागं टेकल्या. म्हनल्या, ही तुझी गोळी रिकाम्या पोटी लोहाबरोबर अन् चुन्याबरोबर, म्हंजी त्या कॅल्शियमबरोबर, गेली की ती दोघं तिला धरून ठेवत्यात. पोटात जाती, पन रगतात उतरत न्हाई, तशीच खाली निघून जाती. पेन्सिल म्हंजी बी चुनखडीच, अन् तिच्यापायी लोह बी अंगी लागत न्हाई. नवरा डबा खाऊन गोळी घेतो, म्हनून त्याचं रगत चांगलं. हेच कारन आसंल असं मी छातीवर हात मारून सांगत न्हाई, पन हे आधी बदलू अन् बघू. अन् मंग येक बोलल्या ते मला अजून आठवतं.

"पेन्सिल खावीशी वाटते ती जिभेची हौस नाही गं. अंगात लोह नाही म्हणून अंग मागतंय. ते लोह मागतंय अन् तू त्याला चुना चारतेस."

म्या इचारलं, लेकीला गेलं आसंल का? त्या येवढंच म्हनल्या की तपासू. पन दूध आजपासनं बंद. येकदम बंद. वरचं खातीच हाय, ते वाढव, अन् तिला हे पातळ औषध रोज पाज, आतापतूर काय गेलं आसंल तर ते रुजू नये म्हनून. लेकीच्या टाचंतनं रगत घेतलं. ती वरडली न्हाई, नुसती माझ्याकडं बघत ऱ्हायली, अन् मंग लगेच पदर वढायला लागली प्यायला. म्या पदर आवळून धरला. ते रगत कुठं लांब जातं तपासायला, निकालाला काही आठवडं लागत्यात.

भाईर आल्यावर ह्यांनी पैला सवाल केला की गोळ्या टाकून देत व्हतीस का. म्या पेन्सिलीचं सांगितलं. ते बराच येळ गाडीची किल्ली बोटात फिरवत ऱ्हायले. मंग म्हनले, आईला काय सांगायचं?

आत्याबाईला म्या सांगितलं की रगत लई उतरलंय, डाक्टरीनबाईनी पाजायचं बंद करायला सांगितलंय. खोटं नव्हतं, अरधं व्हतं. त्यांना पटलं न्हाई. "आमच्या अंगात काय रगताच्या घागरी भरल्या व्हत्या?" त्या म्हनल्या. "लावनीच्या चिखलातनं येऊन बांधावर पोरं पाजली म्या." अन् पेन्सिल बंद कर म्हनल्या डाक्टरीनबाई, तेवढं म्या सांगितलं, तर त्यांनी हसन्यावारी नेलं, पुडा आपला फळीवर तसाच.

मंग ते दिस सुरू झाले. लेकीला दूध पायजे अन् माझं दूध गळतंय. ती रडायला लागली की माझ्या छातीतनं आपसूक पाझर फुटायचा, पोलकं भिजायचं, अन् मी तिला धरायची न्हाई. कडूलिंबाचा पाला वाटून लावला छातीला, म्हंजी तिनं त्वांड लावलं तरी सोडंल. तिनं त्वांड लावलं, कडू लागलं, माझ्याकडं असं बघितलं, जसं म्या काय केलंय तिला. वाटी-चमच्यानं पेज पाजायची तर चमचा उडवायची. नाचनीचं आंबील जरा घ्यायची. पान्यावर गेले तर शेजारनी इचारायच्या, आज पोरगी लई रडत व्हती. येक म्हातारी म्हनली, हल्लीच्या पोरींना अंग उतरायचं भ्या, पाजत न्हाईत. म्या हंडा भरला अन् निघाले. चढावर आंब्याखाली बसले तवा मनात येकच, गेलं आसंल का, न्हाई गेलं आसंल का. लेक शिंकली तरी वाटायचं, हेच ते. कानामागं गाठ लागती का बघायची, दिसातनं कितीदा तिचं अंग चाचपायची, आत्याबाई म्हनायच्या, पोरगी हाय का भाजीतलं वांगं, दाबून बघतीस?

गोळ्यांचं बी अवघड झालं. ती गोळी आता येगळी, सांजंच्या जेवनावर. लोहाची दुपारच्या जेवनानंतर, लिंबू पिळून, वर च्या प्यायचा न्हाई. जस्ताची अजून येक आली. येका डबीत ठेवता येईना, गल्लत झाली असती. दोन डब्या झाल्या अन् दुसरी म्या लुगड्याच्या गाठोड्यात लपवली. इतके दिस उघड्यावर घेतली तवा कुनाला काय वाटलं न्हाई, अन् आता बराबर घ्यायला लागले तर चोरागत घ्यावी लागत व्हती.

येक दिवस छाती दगडावानी झाली. ताप चढला. दुपारी लेकीला आत्याबाईकडं दिलं अन् घोंगडीवर आडवी झाले. डोळा कवा लागला कळलं न्हाई. सपनात लई दिसांनी बरं वाटत व्हतं, छातीतला ठनका कमी कमी व्हत चाललेला, अंग हलकं. मंग जाग आली. बघते तर लेक माझ्या कुशीत, पोलक्याच्या गुंड्या सोडलेल्या, अन् ती पितीय. वरचा पाला धुऊन काढलेला. आत्याबाई उशाशी बसलेल्या, तिच्या पाठीवर हात फिरवत व्हत्या. मला म्हनल्या, "रडून रडून निळी पडली व्हती गं. तू झोपलीस म्हनून म्याच लावली. बघ कशी पितीय."

म्या लेकीला वढली. तिच्या हिरडीत धरलेलं सुटंना, तसंच वढलं. ती किंचाळली. म्या तिच्या त्वांडात बोट घालून दूध काढायला लागले, ते काय निघतंय व्हय, आत गेलेलं. आत्याबाई माझा हात धरून म्हनल्या, येड लागलंय का तुला, पोरगी मारतीस? अन् माझ्या त्वांडातनं गेलं.

"आत्याबाई, मला एड्स हाय. दुधातनं तिला जाईल."

आत्याबाईनी माझा हात सोडला. मंग इचारलं, माझ्या लेकाला? म्या म्हनलं, त्यांना बी. त्या उठल्या. पदर डोक्यावर घेतला अन् उंबऱ्याभाईर गेल्या. म्या दारातनं बघितलं, वाडीकडं न्हाई, गोठ्याकडं गेल्या. मला वाटलं आता झालं. आता त्या येनार, माझं गाठोडं अंगनात टाकनार, किकवीला फोन करनार. म्या लेकीला खांद्यावर घिऊन हिकडनं तिकडं फिरत ऱ्हायले. दम लागला की भितीला टेकायची, परत फिरायची. ह्यांना फोन लावला तर कामावर मोबाईल बंद.

दिस कलला तवा त्या आल्या. हातात शेनाची पाटी तशीच. पाटी ठेवली न्हाई, हुभ्या हुभ्याच इचारलं.

"म्या लावली तवा कितीसं प्याली आसंल?"

त्यांच्या त्वांडाकडं बघितलं अन् मला कळलं की गोठ्यात बसून त्यांनी माझा इचार केला न्हाई का लेकाचा केला न्हाई. दुपारभर त्या तेच मोजत बसल्या व्हत्या. जे माझ्या मनात आठवडाभर चाललेलं ते आता त्यांच्या बी मनात चालू झालं. म्या म्हनलं, थोडंच आसंल. मला ठावं नव्हतं, पन म्हनलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दवाखान्यात फोन केला. डाक्टरीनबाई म्हनल्या, औषध चालू हाय ना पोरीला, मंग घाबरून जाऊ नका, पन औषध थांबवू नका, अन् आधीचा निकाल काय बी आला तरी काही दिसांनी परत रगत घ्यावं लागंल. तवा येका निकालाचे दोन निकाल झाले. येक माझ्या चुकीचा अन् येक आत्याबाईच्या मायेचा.

खोटं कशाला सांगू, पैले काही दिस त्यांनी माझं ताट येगळं ठेवलं. म्या माझं ताट घासून पालथं घालायची. बेस्तरवारी हे आले, त्यांनी बघितलं अन् आपलं बी ताट माझ्या ताटावर नेऊन ठेवलं. आत्याबाई तवा भाकरी थापत व्हत्या, त्यांनी वर बघितलं न्हाई. पुढं कवातरी ती ताटं परत समद्या भांड्यांत मिसळली. कवा मिसळली ते मला सांगता यायचं न्हाई.

पन गोळ्यांचं त्यांनी आपल्याकडं घेतलं. गाठोड्यातली डबी काढून दोन्ही डब्या चुलीमागच्या फळीवर ठेवल्या, जिथं पेन्सिलीचा पुडा व्हता तिथं. पुडा गेला. कुठं टाकला ते सांगितलं न्हाई, मला दावला बी न्हाई, कारन त्यांना ठावं व्हतं, मी उकिरड्यातनं बी काढून खाल्ला असता. इतकं अंग मागायचं. अडगळीतली जुनी लोखंडी कढई काढली, विटंच्या तुकड्यानं घासली, अन् भाजी तिच्यातच. हळीव भिजवून गुळात लाडू केले, बाळंतिनीला करत्यात तसे, म्हनल्या, तवा केले व्हते ते तुझ्या अंगी लागले न्हाईत, आता परत खा. दुपारी जेवन झालं की अंगनातनं हाळी यायची, लिंबू पिळलं का? सांजंला भाकरी वाढताना त्या माझ्याकडं बघायच्या, त्वांडानं गोळीचं नाव काढायच्या न्हाईत, नुसतं फळीकडं बघायच्या. च्या तर जेवनानंतर मागितला की मनगटावर चापटी.

पैला निकाल आला तो ह्यांच्या फोनवर कळला. लेकीचं रगत चांगलं. हे हसत व्हते तिकडनं. म्या हसले न्हाई, आत्याबाई बी हसल्या न्हाईत. त्यांनी येवढंच इचारलं की हे रगत त्या दुपारच्या आधीचं का नंतरचं? आधीचं, म्या म्हनलं. त्या परत तांदूळ निवडायला बसल्या.

मंग दुसऱ्यांदा रगत घेतलं, अन् परत वाट बघनं. म्हनत्यात मानसाला सवय व्हती. सवय झाली न्हाई. त्या दिसांत लेकीला जुलाब झाले दोन-चार दिस, दात येत व्हते म्हनून आसंल, पन मी अन् आत्याबाई येकमेकींच्या त्वांडाकडं बघायला बी भीत व्हतो. त्या तिला मांडीवर घिऊन बसायच्या अन् मी आत गेले की हळू आवाजात तिला सांगायच्या, काय न्हाई झालं तुला, काय न्हाई. मला आत ऐकू यायचं.

निकालाच्या दिवशी ह्यांना सुट्टी घावली न्हाई. मी येकटी निघाले तर आत्याबाई इरकली लुगडं नेसून, पिशवी घिऊन आधीच दारात हुभ्या. सकाळची येश्टी धरली. गाडी धरनाच्या कडंनं वळनं घेत चालली व्हती, लेक खिडकीच्या गजाला धरून पान्याकडं बघून वरडत व्हती, अन् आत्याबाईनी तिचा येक पाय आपल्या मुठीत धरलेला. ज्या पायाच्या टाचंतनं रगत घेतलं तो. भोरला गाडी बदलली, पुन्यापतूर त्यांनी तो पाय सोडला न्हाई.

डाक्टरीनबाईनी आधी माझं सांगितलं. विषाणू परत उतरलाय, अजून उतरंल. अंगात रगत वाढलंय, थोडं, पन वाढलंय. मला ते समदं लांबनं ऐकू येत व्हतं. मंग त्यांनी लेकीचा कागद काढला अन् आत्याबाईकडं बघून सांगितलं, माझ्याकडं न्हाई. पोरगी चांगली आहे. अजून थोडी मोठी झाली की येक शेवटची तपासनी करायची, पन आज चांगली आहे.

आत्याबाईनी इचारलं, "म्या लावली त्याच्या नंतरचं हाय ना हे?"

"त्याच्या नंतरचंच, आजी."

त्यांनी मान हलवली. पदरानं त्वांड पुसलं, अन् डाक्टरीनबाईच्या टेबलावर पिशवीतनं येक डबा काढून ठेवला. हळवाचे लाडू व्हते. डाक्टरीनबाई म्हनल्या मला काय झालंय लाडू खायला, तर आत्याबाई म्हनल्या तुमचं बी त्वांड पांढरं दिसतंय.

येताना भोरला उतरलो. गावाकडची गाडी सुटायला येळ व्हता, म्हनून बाजारातनं गेलो. त्यांचा नेहमीचा दुकानदार, त्यानं आत्याबाईला बघितलं अन् न इचारताच मागं वळून फळीवरचा पुडा काढला, पुढं ठेवला. नव्या पुड्याला वास येतो येक, कोरा, मातकट. मला त्यो वास आला अन् त्वांडात पानी भरलं. लाज वाटली मला, इतकं समदं झाल्यावर बी. म्या लेकीला घट्ट धरलं अन् दुसरीकडं बघायला लागले, गिळून गिळून.

आत्याबाईनी पुडा उचलला, जरा येळ हातात धरला, अन् त्याच्याकडं परत सरकवला.

"आता नगं," त्या म्हनल्या. "पोरगी शाळंत जाईल तवा नेईन."